कॅम्पर व्हॅनचा तळ: व्हिनाइल, क्लिक फळ्या, कॉर्क की गालिचा?

रानवाट

नमस्कार मंडळी,

रिकामी मालवाहू व्हॅन घेतली आहे आणि तिच्या मागच्या भागात राहण्याजोगी जागा करते आहे. आम्ही दोघं आणि एक मोठी कुत्री. छत आणि बाजूंचं ठरलं, पण तळाशी येऊन गाडं अडलं आहे.

मोकळा भाग ३.३ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद आहे, म्हणजे जवळपास ६ चौरस मीटर. तळाचा पत्रा पन्हळी आहे, लांबीच्या दिशेने उंचवटे आणि खोबणी. आतली उंची १.९ मीटर. जोडीदाराची उंची १.८ मीटर, त्यामुळे छताचे ३ सेंटीमीटर गेल्यावर तळासाठी हातात फार थोडं उरतं. त्याला मान वाकवून उभं राहायला लागू नये, ही माझी पहिली अट.

मनात क्लिक फळ्या भरल्या आहेत, त्या दगडी भुकटी आणि पीव्हीसीच्या, एसपीसी म्हणतात त्या. लाकडासारख्या दिसतात, पाण्याने फुगत नाहीत, बसवायला सोप्या. दुसरा पर्याय अखंड व्हिनाइल शीट. कॉर्कबद्दल चांगलं ऐकलं आहे, पण वापरलेलं कोणी भेटलं नाही. ज्यांनी तळ करून त्यावर काही वर्षं काढली आहेत, त्यांचे अनुभव हवे आहेत.

चाकावरचं_घर

रानवाट, मी नेमक्या याच फळ्या टाकल्या होत्या आणि दुसऱ्या वर्षी काढल्या. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले सहा महिने सुंदर दिसल्या. मग सरकत्या दाराजवळ दोन फळ्यांमध्ये केसाएवढी फट दिसली. उन्हाळा संपेपर्यंत तीत नख जात होतं. माती आत गेली, मग पाणी गेलं, आणि फळी उचलली तेव्हा खाली प्लाय काळं पडलेलं होतं. फळी स्वतः ठणठणीत होती. पाण्याने ती फुगत नाही हे खरंच आहे. पण सांध्यातून खाली गेलेलं पाणी ती बाहेरही पडू देत नाही.

कारण नंतर समजलं. ही फळी घरातल्या स्थिर जमिनीसाठी केलेली असते. तिला चिकटवायचं नसतं, कडेला मोकळी जागा सोडून तरंगती ठेवायची असते, म्हणजे गरम झाली की पसरेल आणि गार झाली की आकसेल. व्हॅनमध्ये तापमानाचा फरक घरापेक्षा कितीतरी मोठा असतो. साधं पीव्हीसी मीटरमागे दर अंशाला साधारण ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर पसरतं. तुमच्या ३.३ मीटर लांबीला पहाटेच्या गारठ्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंशांचा फरक धरला, तर ८ ते १० मिलिमीटर होतात. एसपीसीत चुनखडीची भुकटी भरपूर असते म्हणून ते यापेक्षा कमी पसरतं, पण पसरतंच. आणि आपण काय करतो? एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला पलंग, दोन्ही फळ्यांतून आरपार स्क्रू मारून जखडतो. फळीला हलायला जागाच उरत नाही. सगळा ताण त्या इवल्याशा क्लिकच्या जिभेवर येतो. वरून गाडी खड्ड्यात गेली की सांगाडा पिळवटतो तो वेगळाच.

वजनही बघा. ५ मिलिमीटरची एसपीसी चौरस मीटरला ८ ते १० किलो भरते, म्हणजे तुमच्या तळाला ५० ते ६० किलो. २ मिलिमीटरचं व्हिनाइल शीट अडीच ते तीन किलो, म्हणजे सगळं मिळून १५ ते १८. उरलेल्या ४० किलोंत तुमची पाण्याची अख्खी टाकी बसते.

आता अखंड शीट आहे. चौथं वर्ष. एकही सांधा नाही आणि एकही तक्रार नाही.

निळी_गाडी

+१, अखंड शीट. पण पायाला गार लागतं हे आधीच सांगून ठेवतो. मी त्यावर गालिचाचे तुकडे टाकतो. पहाटे उठल्यावर फरक कळतो.

दवबिंदू

मंडळी, वरचं आवरण ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. रानवाट, तुम्ही त्याखाली काय करणार आहात ते लिहिलंच नाही. माझं कळकळीचं म्हणणं आहे की आधी खालचं ठरवा, मग वरचं आपोआप ठरेल. तळ कुजला तर तो वरून कधीच कळत नाही. वास यायला लागतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ बाहेर पडते. दोघं जण आठ तास झोपलात तर सकाळपर्यंत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी त्या बंद डब्यातल्या हवेत गेलेलं असतं. कुत्रीचं आणि स्वयंपाकाचं वेगळंच. आतली हवा २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची असेल, तर १२ अंशांच्या किंवा त्याहून गार पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. हिवाळ्याच्या रात्री तळाचा पत्रा १२ अंशांच्या बराच खाली असतो. म्हणून ही दमट हवा पत्र्यापर्यंत पोचू द्यायची नाही. तळाचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

पन्हळीच्या खोबणीत बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमच्या पट्ट्या कापून चिकटवा, म्हणजे पत्रा आणि फोम यांच्यामध्ये हवेला फिरायला बोगदे उरत नाहीत. त्यावर एक्सपीएसचा, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या कडक फोमचा, सपाट थर. फोमच्या सांध्यांवर टेप, कडांना सीलंट. त्यावर प्लाय. साधा मोकळा स्पंज किंवा काचलोकर तळात अजिबात नको, ती पाणी धरून बसते.

प्लास्टिकचा कागद अंथरायचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. मी त्याच्या विरोधात आहे. कागदाला स्क्रूंची भोकं पडतात, कडेने हवा शिरते आणि आत गेलेल्या पाण्याला परतीची वाट राहत नाही. पत्र्याला घट्ट चिकटलेला बंद पेशींचा फोम हाच बाष्परोधक समजा.

मुक्कामपोस्ट

दवबिंदू ताईंशी पूर्ण सहमत. माझा हात सुतारकामातला, आजवर तीन गाड्यांचे तळ केलेत. त्यांच्याही आधीची पायरी सांगतो, ती म्हणजे पत्रा.

जुनी मालवाहू गाडी असेल तर कंपनीने बसवलेला लाकडी तळ आधी उचला. त्याच्याखाली हमखास वाळू, जुन्या ओलीचे डाग आणि गंज सापडतो. झाडा, धुवा, वाळवा. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, खोल खड्ड्यांत गंजरोधक द्राव लावा, मग जस्ताचा प्रायमर आणि रंग. कुठे ड्रिल मारलं असेल तर लोखंडाचा चुरा त्याच दिवशी व्हॅक्यूमने ओढून घ्या. पहिल्या ओलीत त्या कणांचे तांबडे ठिपके होतात आणि रंगाखाली पसरतात.

तळ झाकण्यापूर्वी आणखी एक काम न चुकता करा. गाडीवर अर्धा तास नळीने पाणी सोडा आणि एकाला टॉर्च घेऊन आत बसवा. मागचे दिवे, दारांची रबरं, छताला पाडलेली भोकं, सगळं बघा. तळ बसल्यावर सापडलेली गळती दहापट काम लावते.

आता प्लाय. ६ चौरस मीटरला ९ मिलिमीटर पुरतं, मात्र खाली फोम सगळीकडे सपाट टेकलेला हवा. १२ मिलिमीटर घेतलं तर फर्निचरचे स्क्रू चांगले धरतात. वजन चौरस मीटरला साडेपाच-सहा विरुद्ध साडेसात-आठ किलो. मरीन प्लाय असं लिहिलेलं असलं तरी लक्षात ठेवा की पाण्याला टिकतो तो त्यातला गोंद. लाकूड कुजायचं ते कुजतंच. म्हणून दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना वॉर्निश किंवा इपॉक्सी पाजा. दोन तुकड्यांच्या सांध्याला जीभ-खाच करा, नाहीतर खालून पट्टी देऊन जोडा. तो सांधा वरखाली झाला की त्याची रेघ व्हिनाइलवर उमटते आणि शेवटी व्हिनाइल तिथेच फाटतं.

तळातून खाली स्क्रू मारायचा मोह आवरा. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि तारा असतात. स्क्रू आत शिरला की तोच पाण्याचाही रस्ता होतो आणि थंडीचाही. प्लाय फोमवर, फोम पत्र्यावर, दोन्हीकडे पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचा चिकट थर, आणि जखडण्यासाठी माल बांधायच्या मूळ कड्यांच्या जागा. त्या कंपनीने मजबूत केलेल्या असतात.

रानवाट

मनापासून आभार. फळ्यांचा विचार आज सोडला. चाकावरचं_घर, तुमचं ते काळं प्लाय डोळ्यांसमोरून जात नाही.

मुक्कामपोस्ट काका, दोन प्रश्न. एक, फोमवर सगळा भार टाकला तर तो दबणार नाही का? खाली लाकडी पट्ट्यांची चौकट करून मधे फोम भरावा असं वाचलं आहे. दोन, पॉलियुरेथेनच का? घरात कपाटांसाठी वापरतात तो पिवळा कॉन्टॅक्ट गोंद माझ्याकडे डबाभर शिल्लक आहे.

मुक्कामपोस्ट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. तो पिवळा गोंद एक्सपीएसला लावू नका. त्यातलं द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतं. फोमला भोकं पडतात आणि तुमच्यासमोर तो खाली बसतो. एका तुकड्यावर थेंब टाकून बघा, खात्री पटेल.

पहिला प्रश्न. एक्सपीएस दबण्याच्या ताकदीनुसार मिळतं. ३०० किलोपास्कलचं मागा. म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ३ किलो, आणि तेव्हा ते दहा टक्के दबतं. कायमच्या भारासाठी यातला छोटाच हिस्सा धरायचा असतो, तरीही वरचं प्लाय भार पसरवून देतं, म्हणून माणसं, पलंग, पाण्याची टाकी यांना ते पुरून उरतं. लाकडी चौकट मी पहिल्या गाडीत केली होती. लाकडातून उष्णता फोमच्या जवळपास चौपट वेगाने जाते. थंडीत व्हिनाइलवर अनवाणी चाललो की पट्ट्या कुठे आहेत ते तळव्यांना कळायचं. शिवाय प्लाय आणि पट्टी एकमेकांवर घासून वर्षभरात करकर सुरू झाली. दुसऱ्या गाडीपासून चौकट सोडली. फक्त सरकत्या दाराच्या आणि मागच्या दाराच्या उंबरठ्यालगत एकेक पट्टी देतो, कारण तिथे पाय जोरात पडतो आणि कडेची धातूची पट्टी स्क्रूने बसवायला लाकूड लागतं.

ज्योत

महत्त्वाचं आहे म्हणून मधेच लिहिते. तळ बंद करताना दोन गोष्टी झाकल्या जाऊ नयेत.

एक, गॅसचं खालचं भोक. सिलिंडर आत ठेवणार असाल तर त्याचा कप्पा गाडीच्या आतल्या हवेपासून पूर्ण बंद हवा आणि त्याच्या तळातून थेट बाहेर उघडणारं भोक हवं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, ब्यूटेन दुप्पट. गळला की तो तळाशी साचतो आणि पाण्यासारखा सखल जागा शोधत पसरतो. ते भोक फोम, प्लाय आणि व्हिनाइल तिन्ही थरांतून आरपार जायला हवं, मधे नळीचा तुकडा बसवून कडा सील केलेल्या हव्यात. नाहीतर गॅस थरांमध्ये शिरतो. एका ओळखीच्या गाडीत नवं व्हिनाइल टाकताना कोणीतरी हे भोक झाकून टाकलं होतं. नंतर स्वच्छता करताना सापडलं म्हणून बरं.

दोन, बसण्याच्या सीट आणि सुरक्षापट्ट्यांचे बोल्ट. सीटचा पाया धातूवर धातू असाच घट्ट व्हायला हवा. मधे फोम किंवा प्लाय आलं तर ते हळूहळू दबतं आणि बोल्ट ढिला पडतो. तिथे तळ कापून सोडा किंवा थराच्या जाडीएवढी पोलादी नळी बोल्टभोवती घाला. सुरक्षापट्टा प्लायवूडला कधीच अडकवायचा नाही. हे काम ज्याला त्याचं प्रमाणित ज्ञान आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

रानवाट

ज्योत, धन्यवाद. गॅसचा कप्पा उजव्या मागच्या कोपऱ्यात येणार आहे. आजच पत्र्यावर खडूने गोल काढून ठेवला.

सावकाश_प्रवासी

कॉर्कबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. आमच्या गाडीत सहा वर्षं कॉर्क आहे आणि मला तो सोडवत नाही.

बूच म्हणजे झाडाची साल, आत बंद पेशींमध्ये हवा. उष्णता रोखण्यात तो फोमच्या बराच जवळ जातो. पहाटे अनवाणी पाय टेकला तरी दचकायला होत नाही. गाडी चालताना भांड्यांचा आणि रस्त्याचा आवाजही मऊ होतो. वजनाला हलका. त्याचं कौतुक मी कितीही वेळ करू शकेन.

पण कोणता कॉर्क, हे नीट बघा. कॉर्कच्या नावाने मिळणाऱ्या क्लिक फळ्यांच्या पोटात बहुतेक वेळा दाबलेल्या भुश्श्याची पाटी असते, म्हणजे एचडीएफ. तिला पाणी लागलं की फुगते आणि परत बसत नाही. घ्यायचा तर पूर्ण कॉर्कच्या चिकटवायच्या लाद्या, ४ ते ६ मिलिमीटरच्या. प्लायवर पूर्ण चिकटवायच्या आणि वरून वॉर्निशचे तीन-चार हात. वॉर्निशच सांधे बंद करतं. दर दोन वर्षांनी सामान बाहेर काढून पुन्हा एक हात मारावा लागतो. हे काम करायची तयारी नसेल तर कॉर्क घेऊ नका. उन्हाने रंग फिका पडतो, दारासमोरचा भाग आमच्याकडे बाकीपेक्षा उजळ झाला आहे. स्टुलाचे बारीक पाय रुततात.

मोठी कुत्री असेल तर मात्र मी स्वतः नाही म्हणेन. नखांनी वॉर्निश ओरखडतं आणि ओरखड्यातून ओल आत जाते.

निळी_गाडी

आणि लिनोलियम? कोणीतरी म्हणालं ते जास्त नैसर्गिक असतं.

सावकाश_प्रवासी

बोलताना आपण कुठल्याही गुंडाळीच्या आवरणाला लिनोलियम म्हणतो, पण खरं लिनोलियम वेगळं. जवसाचं तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा, मागे तागाचं कापड. १८६३ चं पेटंट आहे, म्हणजे पीव्हीसीच्या शीटच्या कितीतरी आधीचं. इमारतीत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. गाडीत दोन अडचणी येतात. थंडीत ते कडक होतं आणि अरुंद वळणावर तडकतं, आणि मागचं तागाचं कापड ओल धरतं. अगदी काटेकोर चिकटवून कडा सील केल्या तर चालेल. पहिल्याच गाडीत हा प्रयोग नको असं मला वाटतं.

पाऊलखुणा

कुत्रीचा विषय निघाला म्हणून आले. आमच्याकडे दोन आहेत.

गुळगुळीत चकचकीत शीट घेऊ नका. ओले पंजे सरकतात, वयस्क कुत्रीच्या मागच्या सांध्यांना त्याचा फार त्रास होतो. तुमचेही ओले पाय त्याच शीटवर पडणार आहेत, तेही दारातल्या पायरीवरून उतरताना. शीटच्या माहितीपत्रकावर घसरणीचा दर्जा दिलेला असतो, आर९ पासून आर१३ पर्यंत. आर१० घ्या, मिळालं तर आर११. त्यापुढे पृष्ठभाग इतका खरखरीत होतो की माती निघत नाही आणि झाडू अडकतो.

दुसरं, वरच्या पारदर्शक झिजथराची जाडी बघा. एकूण जाडी बघून फसायला होतं, कारण जाड शीटमध्ये खाली नुसता स्पंज असू शकतो. झिजथर ०.३ मिलिमीटर असेल तर दोन माणसांना ठीक. कुत्री आणि वाळू असेल तर ०.५५ च्या आसपासचा, दुकानं-कार्यालयांसाठी करतात तो घ्या. आमच्या पहिल्या गाडीत ४ मिलिमीटरचं मऊ गुबगुबीत शीट होतं. पाण्याच्या टाकीचे चार पाय त्यात कायमचे उमटले आणि नखांनी दाराजवळ छिद्रं पडली. आता २ मिलिमीटरचं कठीण शीट आहे, पाच वर्षं झाली.

तिसरं, व्हिनाइलवर रबरी पाठीची मॅट टाकू नका. रबरातली काही रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट तपकिरी डाग पडतो. तो वरून पुसून जात नाही, कारण तो आत गेलेला असतो. निळी_गाडी, तुमच्या गालिचाच्या तुकड्यांची पाठ एकदा उलटून बघा.

रंग पूर्ण गडद नको, पूर्ण फिका नको. गडदावर धूळ दिसते, फिक्यावर चिखल. ठिपक्यांचा किंवा मिश्र करडा सगळ्यात शांत.

निळी_गाडी

आत्ता उलटून बघितलं. रबरच आहे, आणि खाली डाग पडायला सुरुवात झाली आहे. कापडी पाठीचे आणतो. पाऊलखुणा ताई, आभार.

रानवाट

म्हणजे अखंड शीट, २ मिलिमीटर, ०.५५ चा झिजथर, आर१०. आता पुढचा प्रश्न: चिकटवायचं की नुसतं अंथरायचं? आणि फर्निचर आधी की तळ आधी?

चाकावरचं_घर

पूर्ण चिकटवा. सुटं राहिलं की उन्हाळ्यात फुगा येतो. मी ॲक्रिलिकचा दाबाने चिकटणारा गोंद वापरला, दातेरी पट्टीने पसरून. आणि तळ आधी, फर्निचर नंतर. सामानाखालीसुद्धा शीट असलं की पाण्याची टाकी गळाली तरी पाणी वरच राहतं आणि तुम्हाला दिसतं.

दवबिंदू

इथे माझं मत वेगळं आहे. चिकटवू नका, निदान पूर्ण नको. मला तळ कधीही उचलून खालचं प्लाय बघता आलं पाहिजे. तीन वर्षांनी मी एकदा उचललं तेव्हा चाकाच्या उंचवट्यापाशी ओलीचा वीतभर डाग सापडला. चिकटवलं असतं तर तो मला कुजल्यावरच कळला असता.

फुगा येईल की नाही हे शीटच्या पाठीवर अवलंबून आहे. पोटात काचतंतूंचा थर असलेलं शीट सपाट पडून राहतं आणि मापात फारसं बदलत नाही, ते सुटं अंथरायला योग्य. जुन्या धाटणीचं कागदी किंवा फेल्ट पाठीचं असेल तर ते पूर्ण चिकटवावंच लागतं, नाहीतर कडा वळतात. तेव्हा विकत घेताना पाठ बघा आणि मगच ठरवा.

फर्निचरबद्दल: मी सामान थेट प्लायवर बसवलं आणि शीट फक्त मोकळ्या जागेत टाकलं. वजन वाचतं आणि शीट बदलायला ओटा काढावा लागत नाही.

चाकावरचं_घर

दवबिंदू, तुमचा मुद्दा मान्य, पण मग ओट्याखालच्या उघड्या प्लायचं काय? गळतीची जागा तर तीच.

दवबिंदू

ती शंका रास्त आहे. मी टाकी आणि पंपाखाली उभ्या कडांचा एक ट्रे ठेवला आहे, आणि तिथलं प्लाय इपॉक्सीने तीनदा रंगवलं आहे. एवढं करायचं नसेल तर तुमचा मार्ग जास्त सुरक्षित आहे.

मुक्कामपोस्ट

दोघांचंही बरोबर. माझी मधली वाट अशी: शीट सगळीकडे, ओट्याखालीही. फक्त दारांच्या कडेला वीतभर पट्टा दुहेरी टेप किंवा गोंदाने धरायचा, बाकी सुटं. फर्निचर शीटवरून प्लायमध्ये स्क्रू करायचं, प्रत्येक भोकात आधी सीलंटचा थेंब. मधल्या मोकळ्या वाटेत शीट बदलायचं झालं तर फर्निचरच्या पायाशी कटरने कापून मधला भाग नवा टाकता येतो आणि सांध्यावर पट्टी बसते.

एक सावधगिरी. व्हिनाइल थेट एक्सपीएसवर कधी अंथरू नका. मऊ पीव्हीसीमधलं मऊपणा देणारं रसायन पॉलिस्टायरीनमध्ये उतरतं. फोम खाल्ला जातो आणि व्हिनाइल कडक होतं. मधे प्लाय असलं की हा प्रश्न येत नाही. पण कोणी उंची वाचवायला प्लाय गाळायचा विचार करत असेल, तर ते करू नका.

रानवाट

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. तळ झाला.

काकांनी सांगितल्याप्रमाणे नळीचं पाणी सोडलं आणि डाव्या मागच्या दिव्याच्या रबरातून धार आत आली. तळ बसवला असता तर ती थेट फोमखाली गेली असती. रबर बदललं, पुन्हा पाणी सोडलं, कोरडं. मग गंज, प्रायमर, रंग.

थर असे झाले: खोबणीत फोमच्या पट्ट्या, त्यावर २० मिलिमीटर एक्सपीएस, ९ मिलिमीटर प्लाय, २ मिलिमीटर व्हिनाइल. एकूण ३१ मिलिमीटर. जोडीदाराच्या डोक्यावर अजून जवळपास ४ सेंटीमीटर हवा आहे. तो पहिल्यांदा आत सरळ उभा राहिला तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शीट कापण्याचं थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याबद्दल कुठे नीट वाचायला मिळालं नव्हतं. थेट शीट गाडीत नेऊन कापायचा विचार होता. चाकांच्या उंचवट्यांभोवती ते जमणारच नव्हतं. मग जाड कागदाचे तुकडे टेपने जोडून पूर्ण तळाचा साचा केला. कडेपर्यंत कागद न नेता सगळीकडे चार-पाच सेंटीमीटर आत ठेवला. मग कंपासमध्ये ५ सेंटीमीटर अंतर पक्कं केलं, त्याचं टोक भिंतीलगत फिरवलं आणि पेन्सिलने कागदावर समांतर रेघ ओढत गेले. भिंतीचा प्रत्येक बाक कागदावर उतरला. शीट आदल्या दिवशी उबदार खोलीत चोवीस तास उलगडून ठेवलं होतं. त्यावर साचा पसरला, कंपास तेवढाच ठेवून रेघ पुन्हा बाहेर काढली. साच्यावर मोठ्या अक्षरात “वरची बाजू” लिहून ठेवलं होतं आणि शीटच्याही वरच्याच बाजूला आखलं. पाठीवर आखायचं असेल तर साचा उलटा करावा लागतो, हे मला ऐन वेळी उमगलं. पहिल्यांदा सगळीकडे एक सेंटीमीटर जास्त ठेवून कापलं, गाडीत बसवलं, आणि मग कडेने नव्या पात्याने थोडं थोडं छाटलं.

पाठ काचतंतूंची मिळाली, म्हणून मधे सुटं ठेवलं. दारांशी टेप, उंबरठ्यावर ॲल्युमिनियमची पट्टी, सगळ्या कडांना एमएस पॉलिमर. गॅसचं भोक तिन्ही थरांतून आरपार आहे, नळी बसवली आहे. ज्योत, त्याच्याखाली हात धरून वारा लागतो का ते दोनदा बघितलं.

एक शंका उरली आहे. उजव्या चाकाच्या उंचवट्यापाशी आतल्या कोपऱ्यात शीट नीट दाबलं जात नाही. हात काढला की दोन मिलिमीटर वर येतं.

चाकावरचं_घर

मस्त काम! कोपरा हेअर ड्रायरने हळूहळू गरम करा, शीट लोण्यासारखं मऊ होतं. मग कापडाने दाबून गार होईपर्यंत धरून ठेवा. हीट गन असेल तर दूर धरा, चकाकी जळते.

मुक्कामपोस्ट

गरम करण्याआधी कोपऱ्याच्या टोकाला छोटी गोल खाच पाडा, टोकदार चीर नको. टोकदार चिरेतून फाटत जातं, गोल खाच ताण वाटून घेते. मग त्यात सीलंट भरा आणि एक रात्र वर वजन ठेवा.

रानवाट

खाच पाडली, गरम केलं, पाण्याचा भरलेला कॅन ठेवला आहे. सकाळी सांगते.

रानवाट

बसलं. सकाळी कॅन उचलला आणि कोपरा जागचा हलला नाही. कुत्री तिथेच जाऊन झोपली आहे.